जुन्या मोटारीचा अनोळखी ऑइल चेंबर कसा ओळखावा

खानापूर तालुक्यातील एका तरुण मोटारप्रेमींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची बंद पडलेली लाकडाची वखार आवरताना त्यांना भंगारात तीन ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाला बसणारी तेलाची भांडी, सापडले. पहिला दाबीव पत्र्याचा आणि लांबट आहे; त्याच्या आत सहा आडव्या चरांची पत्र्याची ताटली बसवलेली असून कडेने गेलेल्या नळीला सहा बारीक तोंडे आहेत. दुसरा ओतीव, पांढऱ्या धातूचा आहे आणि त्याच्या भोकांत चार जुने बोल्ट अजून अडकलेले आहेत. तिसरा बिडाचा असून तो उचलायला दोन माणसे लागतात. इंजिने कधीच विकली गेली आणि कागदपत्रे काहीही उरलेली नाहीत. गावातील मेकॅनिकने पहिला चेंबर जीपचा असावा असे सांगितले आणि आतली ताटली कापून टाकली तर तो दुसऱ्या एखाद्या इंजिनाला बसवता येईल, असेही सुचवले. हे चेंबर कोणत्या इंजिनांचे आहेत आणि ताटली कापावी की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तराला अर्थ राहणार नाही. ताटली कापू नका, ठोकू नका, आणि त्या सहा बारीक तोंडांपैकी एकही तोंड सरळ करण्याच्या हेतूनेसुद्धा वाकवू नका. तुम्ही वर्णन केलेला भाग म्हणजे इंजिनाच्या वंगणव्यवस्थेचा अर्धा भाग आहे, आणि ज्या इंजिनाचा तो आहे ते इंजिन त्याच्याशिवाय फार वेळ टिकणार नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत मी गेली सदतीस वर्षे इंजिनांचे काम करतो आहे. या काळात लोकांनी माझ्याकडे आणलेल्या अनोळखी चेंबरांपैकी निम्म्याहून अधिक चेंबर आधीच्या कोणीतरी चुकीचे ओळखलेले होते, आणि त्यातील जवळपास प्रत्येक चूक एकाच कारणाने झालेली होती: चेंबर बाहेरून पाहून ओळखला गेला होता. बाहेरचा आकार हा चेंबरचा सर्वांत कमी भरवशाचा भाग आहे. चेंबरचा काठ ब्लॉकने (इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगाने) ठरवलेला असतो, त्याचे पोट चासीने (गाडीच्या सांगाड्याने) ठरवलेले असते, आणि आतली व्यवस्था इंजिनात तेल फिरवण्याच्या पद्धतीने ठरवलेली असते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायला हव्यात. एकच इंजिन दोन गाड्यांत बसवले की काठ तोच राहतो, पण पोट बदलते. आणि दोन पूर्णपणे वेगळ्या इंजिनांची पोटे केवळ पुढच्या ॲक्सलची जागा सारखी असल्यामुळे जुळ्या भावांसारखी दिसू शकतात.

पोटाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. तेल साठवणारा खोल भाग, ज्याला मी हौद म्हणतो, पुढे आहे की मागे, हे स्टिअरिंगची जोडणी, पुढचा ॲक्सल आणि चासीची आडवी पट्टी कोठून जाते त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील १९८० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगच्या पाच लिटर इंजिनाला दोन हौद आणि दोन ड्रेन प्लग असतात, कारण चासीची आडवी पट्टी मधूनच जाते. हे ज्याला माहीत नाही तो मेकॅनिक एकच प्लग काढून तेल संपले असे समजतो. याचे टोकाचे उदाहरण ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसीच्या ए सीरिज इंजिनाचे आहे. मॉरिस मायनरमध्ये त्या इंजिनाला नेहमीसारखा पत्र्याचा चेंबर आहे. १९५९ च्या मिनीमध्ये तेच इंजिन आडवे बसवले गेले आणि गिअरबॉक्स थेट त्याच्या पोटात गेला, त्यामुळे इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालतात. फोक्सवॅगन बीटलला तर वेगळा चेंबरच नाही. क्रँककेसच्या तळाला एक गोल झाकण आणि जाळी असते, आणि भंगारात ते झाकण एकटे मिळाले तर ते कशाचे आहे हे कोणालाच ओळखता येत नाही.

काठ मात्र खोटे बोलत नाही. म्हणून पहिले काम असे करा: चेंबर रॉकेलने स्वच्छ धुवा, काठावरचे जुने पॅकिंग (गळती रोखणारी पट्टी) आणि शेलॅक (लाखेचा चिकट लेप) बोथट पट्टीने खरवडून काढा, आणि पॅकिंग कापताना करतो त्याप्रमाणे काठावर पुठ्ठा ठेवून लहान हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलके ठोके देत जा. भोके आणि कडा पुठ्ठ्यावर आपोआप उमटतील. पुठ्ठ्याच्या कोणत्या बाजूला ठसा आहे, इंजिनाची पुढची बाजू कोणती, हे त्याच वेळी लिहून ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर उलटा पुठ्ठा सुलटा समजून ताडून पाहाल आणि काहीच जुळणार नाही. भोकांची संख्या मोजणे पुरेसे नसते. त्यांच्यामधील अंतरे मोजावी लागतात, आणि त्यातही जे एखादे भोक रांग सोडून थोडे आत किंवा बाहेर गेलेले असते ते सर्वांत मोलाचे, कारण कारखान्याने ते कोणत्यातरी अडचणीपोटी तसे पाडलेले असते आणि दुसऱ्या इंजिनात तीच अडचण त्याच जागी सहसा नसते.

नंतर दोन्ही टोके पाहा. काही चेंबरांचा काठ सगळीकडे सपाट असतो. काहींच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला अर्धचंद्राकार खाच असते, जी मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक हा इंजिनाचा मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या आधाराच्या, टोपीवर किंवा टायमिंग कव्हरवर बसते. आपल्याकडच्या ॲम्बेसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात, म्हणजे बीएमसीच्या बी सीरिज इंजिनात, या अर्धचंद्रात कॉर्कच्या पट्ट्या बसतात, आणि त्या पट्ट्या कोरड्या बसवल्या किंवा टोकाला आखूड कापल्या की काय होते हे प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत होते. मद्रासला पूर्वी तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डच्या इंजिनात, जे मूळचे ट्रायम्फ घराण्याचे, पुढच्या टोकाला ब्लॉकवर ॲल्युमिनियमचा एक वेगळा तुकडा बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या लहान पाचरी ठोकलेल्या असतात आणि चेंबरचे पुढचे बोल्ट त्या मऊ तुकड्यात फिरतात. हेराल्डचा चेंबर पुढूनच गळत असेल तर नवे पॅकिंग बदलत बसण्यापेक्षा त्या तुकड्याचे आटे आधी तपासावेत.

लांबीसुद्धा काठातच येते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या, आणि त्यांतील सहा सिलिंडरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनांच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार येतो. दिसायला सारखी असलेली ही इंजिने दोन लांबींची आहेत: एकाचे हेड साधारण २३ इंच, दुसऱ्याचे साधारण २५ इंच. अमेरिकेतील प्लिमथ आणि डॉज यांची इंजिने आखूड, तर क्रायस्लर व डिसोटो यांची आणि कॅनडात तयार झालेली नंतरची इंजिने लांब. गाडीच्या बॉनेटवर कोणते नाव आहे यावरून चेंबर मागवला तर दोन इंचांचा फरक पार्सल उघडल्यावरच कळतो, आणि तोपर्यंत जहाजाचे भाडे गेलेले असते.

आता तुमच्या पहिल्या चेंबरकडे येतो. येथे काठापेक्षा आतली व्यवस्था अधिक बोलकी आहे.

सहा चर आहेत, म्हणजे सहा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) आहेत. त्यामुळे जीप लगेच बाद होते, कारण विलीजची जुनी जीप आणि महिंद्राची सीजे ३ बी यांची पेट्रोल इंजिने चार सिलिंडरची आहेत. शिवाय विलीजच्या इंजिनात तेल ओढणारी जाळी तरंगती असते. एका पोकळ फ्लोटला ती जोडलेली असते, तेलाच्या पातळीबरोबर वरखाली होते आणि तळाचा गाळ न घेता वरच्या बाजूचे स्वच्छ तेल घेते. तशीच तरंगती जाळी मी वर सांगितलेल्या डॉज-डिसोटोच्या सहा सिलिंडर इंजिनांतही आहे, पण त्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल क्रँकच्या आतील भोकांतून दाबाने मिळते, चरांची गरजच नसते. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये चरांची ताटली आहे, पण सिलिंडर चार म्हणून चर चार, आणि त्या चरांवर रोखलेली तोंडे नाहीत. हडसन कंपनीनेही तेल उडवण्याची पद्धत बरीच वर्षे सांभाळली, परंतु सहा चर, आणि प्रत्येक चराकडे रोखलेले एकेक तोंड असलेली नळी, हे दोन्ही एकत्र दिसले की माझ्या अनुभवाप्रमाणे एकच नाव उरते, आणि ते म्हणजे शेव्हरोलेचे जुने सहा सिलिंडर इंजिन.

शेव्हरोलेने हे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे सहा सिलिंडर इंजिन १९२९ मध्ये आणले. १९३७ मध्ये त्याची २१६ घन इंचांची, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरची, आवृत्ती आली आणि ती १९५३ पर्यंत चालली. १९५४ पासून कंपनीने आपल्या सर्व सहा सिलिंडर इंजिनांना पूर्ण दाबाचे वंगण दिले. म्हणजे चर असलेला चेंबर त्याआधीचाच असणार, एवढे तारखेबाबत खात्रीने सांगता येते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये जुळवणीचा कारखाना सुरू केला होता आणि तो १९५४ मध्ये बंद झाला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दुसऱ्या महायुद्धातील कॅनडात तयार झालेल्या शेव्हरोले लष्करी ट्रकांतही हेच २१६ इंजिन होते. त्यामुळे खानापूरच्या जंगलपट्टीतील वखारीत अशा इंजिनाचा अवशेष सापडावा यात मला आश्चर्य वाटत नाही. गाडी थकली की तिचे इंजिन करवतीला किंवा पिठाच्या गिरणीला जोडायचे, हा आपल्या भागातला जुना रिवाज होता, आणि त्या रिवाजामुळेच कितीतरी गोष्टी भंगारात जाण्यापासून वाचल्या.

आता ताटली कशासाठी आहे ते सांगतो. या इंजिनात मेन बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने मिळते, परंतु कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तसे मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोपीला चमच्यासारखी एक जीभ असते. इंजिन हळू फिरत असताना नळीची तोंडे चर भरलेले ठेवतात आणि प्रत्येक फेऱ्याला ती जीभ चरातील तेल उचलून बेअरिंगमध्ये ढकलते. इंजिन वेगाने फिरू लागले की तोंडांतून येणारी धार वर चढते आणि थेट फिरत्या जिभेवर आदळते. म्हणजे धार कोणत्या कोनात जाते आणि चर जिभेपासून किती खोल आहे, या दोन मापांवर सहा बेअरिंगांचे आयुष्य ठरते. कारखान्याने यासाठी खास मापे दिली होती: तोंडांची धार पाण्याने तपासायची, ती ठरलेल्या खुणेतून गेली पाहिजे, आणि चरांची खोली काठापासून मोजायची.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकण्याआधी नुकसानीतून शिकलो. कामाला लागून मला काही वर्षेच झाली होती, तेव्हा संकेश्वरकडील एका गृहस्थांची शेव्हरोले माझ्याकडे आली होती. चेंबर गळत होता. काठ वाकडा होता, तो नीट सरळ करण्यात दिवस जाईल म्हणून मी कॉर्कची दोन पॅकिंगे एकावर एक लावली आणि गळती थांबली. गळती थांबली याचे मला समाधान वाटले, मालकांनाही वाटले. दोन पॅकिंगांनी चेंबर थोडासाच खाली गेला होता. परंतु त्याच्याबरोबर ताटलीही खाली गेली, आणि जिभा चरांना जेमतेम टेकू लागल्या. निपाणीकडून परत येताना तवंदी घाटात इंजिनाचा आवाज बदलला. गाडी ओढून आणली, चेंबर उघडला, तेव्हा पाचव्या रॉडचे व्हाइट मेटल (बेअरिंगमध्ये ओतलेला मऊ धातू) वितळून ताटलीत चकचकीत थेंबांच्या रूपात पडलेले होते. काठाला हात न लावता दुप्पट पॅकिंग लावण्याचा तो निर्णय माझा होता. ते सहा रॉड नव्याने व्हाइट मेटल ओतून, बोअर करून बसवायला मला जवळजवळ दोन महिने लागले, आणि त्या मालकांनी एकदाही आवाज चढवला नाही, याची जाणीव मला आजही आहे.

म्हणून तुमचा चेंबर उपयोगात आणायचा असेल तर काठापासून सुरुवात करा. पत्र्याच्या चेंबरला प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती वर्षानुवर्षे बोल्ट आवळून खड्डा पडलेला असतो. काठावर सरळ पट्टी ठेवली की भोकाच्या दोन्ही बाजूंना उजेड दिसतो. चेंबर उलटा करून भोकाखाली लाकडी किंवा लोखंडी सपाट ठोकळा धरा आणि हातोडीने खड्डा थोडा थोडा परतवा, घाई न करता. त्यानंतर ताटलीच्या आत बोट फिरवा. चरांच्या कोपऱ्यांत डांबरासारखा घट्ट झालेला गाळ असेल, तो रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून मऊ ब्रशने काढा. नळीची तोंडे तारेने टोकरू नका. हवेच्या दाबाने साफ करा, आणि सहाही तोंडांतून धार सारखी येते का हे पाण्याने पाहा. पोट फुटले आहे का हे तपासण्यासाठी बाहेरून खडू पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आत रॉकेल भरून तासभर ठेवा. जेथे केसाएवढीही चीर असेल तेथे पांढऱ्यावर ओला डाग उमटेल. चीर सापडली आणि ती ताटलीपासून दूर असेल तर पितळी झाळ देता येते, मात्र ताटलीजवळ उष्णता दिली तर पत्रा ताणला जाऊन चरांची खोली बदलेल, आणि आपण पुन्हा तवंदी घाटातच जाऊन पोहोचू.

या इंजिनाबाबत आणखी एक सूचना करतो. त्याचा ऑइल प्रेशरचा काटा आजच्या गाड्यांच्या मानाने फारच खाली असतो, आणि तसाच असायला हवा, कारण तेलाचा मोठा भाग दाबाशिवायच काम करतो. काटा खाली दिसतो म्हणून पंपाची स्प्रिंग जड करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने काही सुधारत नाही.

तुमचा चेंबर १९२९ ते १९३६ च्या इंजिनाचा की १९३७ नंतरच्या २१६ चा, हे मी वर्णनावरून सांगणार नाही. आधीच्या इंजिनात मेन बेअरिंग तीन होती आणि २१६ मध्ये चार झाली, परंतु तो फरक ब्लॉकमध्ये असतो, चेंबरमध्ये चटकन दिसत नाही. यासाठी तुमचा पुठ्ठा उपयोगी पडेल. पॅकिंग विकणारे इंजिन आणि वर्षाप्रमाणे माल देतात, आणि पॅकिंग हा चेंबरच्या काठाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा नकाशा असतो. दोन वेगळ्या वर्षांची दोन पॅकिंगे मागवून पुठ्ठ्यावर ठेवा. जे भोकाला भोक जुळेल ते तुमचे इंजिन. इंजिनाच्या शोधात पैसे खर्च करण्याआधी एवढा खर्च अवश्य करावा. रंगावरून मात्र काहीही ठरवू नका. आपल्या भागातील प्रत्येक वर्कशॉपमध्ये जे पातेले उघडे असेल त्या रंगाने इंजिने रंगवली जात आली आहेत.

दुसऱ्या चेंबरबद्दल माझे लक्ष त्या चार बोल्टांकडे गेले. ते सोडवताना तोडू नका. रॉकेल आणि तेल सोडून दोन दिवस थांबा, कारण चेंबरपेक्षा ते बोल्ट अधिक सांगणार आहेत. जुने मिस्त्री मापे सुतात बोलतात: पाव इंचाचा बोल्ट दोन सूत, ५/१६ इंचाचा अडीच सूत. अडीच सुताचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हातात जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळे जाडी पाहून काही कळत नाही. आट्यांचे पिच, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर, मोजणारे गेज लावावे लागते. ५/१६ च्या बोल्टला एका इंचात १८ आटे असतील तर तो अमेरिकन जाड आट्यांचा, २४ असतील तर बारीक आट्यांचा, २२ असतील तर जुन्या इंग्रजी बीएसएफ या बारीक आट्यांच्या प्रमाणाचा. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे पिच १.२५ मिलिमीटर असते. परंतु तुमच्या बोल्टचे पिच नेमके १ मिलिमीटर निघाले, आणि त्याच्या डोक्याला तेराचा पाना चढत नसेल व चौदाचा ढिला फिरत असेल, तर तो चेंबर मॉरिस घराण्याच्या इंजिनाचा असण्याची दाट शक्यता आहे. इंग्लंडमधील मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला, तिथली यंत्रे मिलिमीटरच्या आट्यांची होती, आणि म्हणून त्या इंजिनांत आटे फ्रेंच आणि बोल्टची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची अशी जोडी अनेक वर्षे राहिली. एमजीच्या टीसी, टीडी आणि टीएफ या गाड्यांच्या १२५० सीसी इंजिनाचा चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याला हेच आटे आहेत. आपल्याकडे हिंदुस्थान टेनच्या रूपाने आलेल्या मॉरिस टेनचे इंजिनही याच कुळातले. पिच मोजल्याशिवाय यापुढे जाऊ नये.

ओतीव चेंबरबाबत एक गोष्ट बेळगावच्या माणसानेच सांगायला हवी. आपल्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात ओतकामाचे कौशल्य मोठे आहे, आणि तितक्याच मोठ्या प्रमाणावर जुन्या भागांच्या नकला आपल्याकडे तयार झाल्या आहेत. फुटलेला चेंबर जोडून, त्यालाच साचा म्हणून वाळूत दाबून नवा ओतला, तर नवा भाग मूळ भागापेक्षा लहान येतो, कारण ॲल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आक्रसते. सातशे मिलिमीटरच्या चेंबरमध्ये हा फरक सुमारे नऊ मिलिमीटरचा होतो, म्हणजे मधली भोके जुळतात आणि टोकांची जुळत नाहीत. तुमच्या चेंबरच्या टोकाकडील भोके कानसीने लांबट केलेली दिसली, तर तो स्थानिक नक्कल असण्याचा विचार आधी करा, आणि त्याची लांबी कोणत्याही मूळ नकाशाशी ताडण्याआधी ती दीड टक्क्याच्या आत वाढवून पाहा. मूळ भागावर बहुधा उंचावलेला क्रमांक ओतलेला असतो. नकलेत तो क्रमांक उमटला तरी अंकांच्या कडा बोथट आणि भरलेल्या असतात. बाहेरून लहान गोल ठसे दिसत असतील तर भाग दाबाच्या साच्यातून काढलेला आहे. वाळूची खरबरीत पोत आणि मधून गेलेली जोडरेघ दिसली तर वाळूतील ओतकाम. हे सगळे ओतकाम जाणणाऱ्या तुमच्या कोणत्याही परिचिताला एका नजरेत सांगता येईल.

त्या चेंबरवर वेल्डिंग करण्याआधी तो खरोखर ॲल्युमिनियमच आहे ना, हे मात्र स्वतः तपासा. काही जुन्या इंजिनांचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, बीटलचेही तसेच आहे, आणि मॅग्नेशियमला ज्योत लागून त्याने पेट घेतला तर पाणी टाकूनही तो विझत नाही, उलट भडकतो. एका कोपऱ्यात कानसीने स्वच्छ चकचकीत जागा करा आणि तिच्यावर व्हिनेगरचा थेंब ठेवा. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येऊ लागतात; ॲल्युमिनियमवर थेंब शांत बसतो. हाताला वजन अपेक्षेपेक्षा बरेच हलके लागत असेल तर ही तपासणी दोनदा करा आणि भुकटी पेटत्या वस्तूपासून दूर ठेवा.

तिसऱ्या, बिडाच्या चेंबरवर फार वेळ घालवू नका. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला उभे, जाड चेहरे असून त्यांत मोठ्या बोल्टांची भोके असतील, तर तो ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टरला मोटारीसारखी चासी नसते. पुढचा ॲक्सल, इंजिन आणि क्लच हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि त्यामुळे चेंबरलाच ओझे वाहावे लागते, म्हणून तो बिडाचा आणि जड. चिकोडीपासून खानापूरपर्यंत उसाच्या कोणत्याही गावात असे चेंबर मिळतात. त्याऐवजी खाली पाय ओतलेले आणि बाजूला हात घालण्यापुरती झाकणे असतील, तर तो एका जागी बसवलेल्या इंजिनाचा, म्हणजे बहुधा तुमच्या आजोबांच्या करवतीच्याच इंजिनाचा आहे, आणि तो वखारीतच ठेवावा असे मला मनापासून वाटते.

पहिल्या चेंबरच्या ताटलीत एखादे तोंड तुटलेले आढळले, तर त्या जागी नवी तांब्याची नळी झाळण्याआधी शेजारच्या चांगल्या तोंडाचे आतले भोक ड्रिलच्या दांड्याने मापून घ्या आणि त्याचा कोन पुठ्ठ्यावर काढून ठेवा. भोक थोडे मोठे झाले तरी त्या तोंडातून जास्त तेल जाईल आणि नळीच्या शेवटच्या टोकाचे बेअरिंग कोरडे पडेल.